चाकणचा नकटा आणि कर्नल साईक्स

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या पिंपरी-चिंचवडकडे चढणीच्या माशांची चौकशी सुरू होते. नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, आणि नेमके तेव्हाच लोक गळ आणि पागेरं घेऊन ओढ्यावर धावतात. गळाला गांडूळ लावलं तर वाम, बेडकी लावली तर मरळ, कणकेचा गोळा लावला तर खुदरी. प्रत्येकाची आवड वेगळी, अगदी आपल्या घरातल्या माणसांसारखी! हे सगळं मला बचत गटातल्या भोई समाजाच्या मावशींनी सांगितलं. माझं माहेर शाकाहारी, त्यामुळे माझं ज्ञान ऐकीवच. पण या माशांची मराठी नावं थेट लंडनच्या शास्त्रग्रंथात कुणी नेली, हे वाचलं तेव्हा मी चकित झाले.

त्यांचं नाव विल्यम हेन्री साईक्स. जन्म १७९० चा. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. आपली मुलं त्या वयात आठवी-नववीत असतात. भरतपूरच्या वेढ्यात ते होते. १८१७ साली खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हाही ते कंपनीच्या बाजूने लढले. म्हणजे हा काही आपला पाहुणा नव्हता, आपलं राज्य घेणाऱ्यांतलाच एक होता. हे विसरून त्यांचं कौतुक करावं असं मला वाटत नाही.

पुढे काही वर्षं ते युरोपात होते. १८२४ साली त्यांचं एलिझाबेथ हे यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ते परत हिंदुस्थानात आले. (एलिझाबेथबाईंबद्दल मी जिथे जिथे वाचलं तिथे ही एवढी एकच ओळ. बाकी सगळी पानं नवऱ्याची!) मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची माहिती गोळा करायचं काम दिलं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, जमिनीवर हक्क कुणाचा, पाऊस किती. राज्य घेतलं की हिशेब लागतोच, सारा वसूल करायचा असतो ना. पण साईक्स हिशेबावर थांबले नाहीत. दौऱ्यावर जिथे जातील तिथले पक्षी, प्राणी, मासे टिपत गेले. १८२९ मध्ये सरकारने ते पदच रद्द केलं, तरी हातातलं काम अर्धं सोडायचं नाही म्हणून त्यांनी १८३१ पर्यंत ते पुरं केलं.

भीमा, मुळा-मुठा, घोड, इंद्रायणी या नद्यांतल्या चाळीसहून जास्त माशांचं वर्णन त्यांनी केलं. ते १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसह लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापलं. आता खरी गंमत ऐका. नव्या माशाला नाव द्यायची वेळ आली की त्या काळचे साहेब एखाद्या मित्राचं नाहीतर वरिष्ठाचं नाव देत. साईक्सनीही थोडं तसं केलंच. सापासारख्या लांब अहिराला त्यांनी चक्क गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं! साहेबांना काय वाटलं असेल देव जाणे. पण पुष्कळ माशांना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं ठेवली. शिंगाळा, घोगरा, खुदरी, मळ्या. ही आपली बोलीतली नावं थोड्याफार इंग्रजी वळणाने, लॅटिनच्या शेजारी जाऊन बसली. जगात कुठल्याही देशातला अभ्यासक आजही या माशांना त्याच नावांनी ओळखतो.

त्यातलाच एक नकटा. हा तर आपल्या घरचा, इंद्रायणीतला. चाकणजवळ मिळाल्याची नोंद साईक्सनीच केली आहे. त्याच्या तोंडावर वर एक उंचवटा असतो आणि खाली खोल खाच, त्यामुळे नाक कापल्यासारखं दिसतं. म्हणून नकटा. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा हा मासा आहे, त्याला खडकाळ, वाहतं, स्वच्छ पाणी हवं.

मला सारखं वाटतं, हे नाव साईक्सना सांगितलं कुणी? कुणी भोई असेल, कुणी कोळी. कदाचित पाटीत मासे घेऊन बसलेली एखादी बाईसुद्धा. कुठला मासा कधी चढतो, कुठे लपतो, हे त्यांनाच ठाऊक. साहेबांचं नाव पुस्तकावर आलं, नाव सांगणाऱ्यांचं आलं नाही. माशांनी मात्र त्यांचे शब्द जपले.

साईक्स परत गेल्यावर कर्नल म्हणून निवृत्त झाले. १८४० मध्ये कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. १८५७ पासून अखेरपर्यंत ते पार्लमेंटचे सभासद होते. १८७२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा चंडोल आजही आपल्या माळरानावर गातो.

आणि नकटा? नकटीच्या लग्नाला विघ्नं सतराशे असं आपण हसत म्हणतो, याच्या वाट्याला खरोखरच आली. फक्त कृष्णेच्या खोऱ्यात सापडणारा हा मासा आता जगाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. इंद्रायणीत गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतं, आळंदीला पांढऱ्या फेसाचे थर आपण सगळ्यांनी पाहिलेत. वर चढणीच्या दिवसांत पोटात गाभोळी असलेली मादीच पकडली, तर पुढची पिढी येणार कुठून? बाजारात बाहेरून आलेली चिलापी ढिगाने मिळते. आमच्या गटातल्या मावशींना मी नकट्याचं चित्र दाखवलं. सत्तरी उलटलेल्या एकीने लगेच ओळखला, लहानपणी वडिलांच्या जाळ्यात पाहिला होता म्हणाली. तिच्या सुनेने चित्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि हा मासा कुठल्या समुद्रातला, असं मला विचारलं.