शंभर वर्षांपूर्वीचा ट्रक आजही घरी दुरुस्त होतो, तो हेन्री फोर्ड यांच्यामुळे!

१८६३ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले हेन्री फोर्ड लहानपणी शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करायचे. १९०८ मध्ये त्यांनी ‘मॉडेल टी’ मोटार आणली आणि १९१७ मध्ये तिचंच इंजिन असलेला एक टनी ‘मॉडेल टीटी’ ट्रक.

गिऱ्हाइकांत अनेक शेतकरी. ट्रक बंद पडला तर माल शेतातच अडकायचा आणि मेकॅनिक जवळपास नसायचा. म्हणून कंपनीचं मॅन्युअल सोप्या प्रश्नोत्तरांत होतं: तेल कधी घालायचं, इंजिन चालू होईना तर काय तपासायचं. १९२५ मध्ये मेकॅनिकसाठी सविस्तर सर्व्हिस बुकही निघालं.

१९२७ मध्ये मॉडेल टीचं उत्पादन थांबलं, १९४७ मध्ये फोर्ड गेले. पण सुटे भाग ठरलेल्या मापाचे असल्याने हौशी मंडळी त्याच पुस्तकांची नवी छपाई समोर ठेवून हे ट्रक आजही चालते ठेवतात.