नंबरांची वही

प्रोजेक्टच्या नादात मी एका स्विचला राउटरचाच आयपी दिला आणि लॅबचं नेटवर्क बसलं. माझी एक्सेलची यादी वेगळी, पार्टनरची वेगळी! मग मोठ्या डेटा सेंटरवाल्यांसारखं केलं: जुनी यादी जशीच्या तशी गिटमध्ये टाकली, तिथेच दुरुस्त केली आणि स्विचचं कॉन्फिगरेशन त्यावरून स्क्रिप्टने काढलं.

तेव्हाच जॉन पोस्टेल यांच्याबद्दल वाचलं. जन्म १९४३, कॅलिफोर्निया. १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झालं तेव्हा हे लॉस एंजेलिसला विद्यार्थी होते. कुठला नंबर कोणाला दिला, याची नोंद या दाढीवाल्या गृहस्थांनी ठेवायला घेतली, ती मरेपर्यंत. आरएफसींचे संपादकही तेच. गंमत म्हणजे, प्रसिद्ध झालेली आरएफसी बदलायची नाही. सुधारणा हवी तर नवा नंबर, जुनी जागेवरच. नंबरांची यादीसुद्धा अशीच निघत राहिली, शेवटची १९९४ ला, आरएफसी १७००. आणि गिट आलं २००५ मध्ये!

१६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, पंचावन्नाव्या वर्षीच ते गेले. तोवर यादी ऑनलाइन डेटाबेसमध्ये गेली होती. २००२ मध्ये तशी आरएफसीही निघाली.

आमच्या फाइलच्या पहिल्या नोंदीत माझी चुकीची ओळ अजून आहे. नावासकट.