पृथ्वीच्या आधाराचा शोध घेणारे भास्कराचार्य

आदिलाबाद जिल्ह्यात नेरडिगोंड्याजवळ कडेम नदी कुंतला येथे सुमारे ४५ मीटर खाली झेपावते. कड्यावरून सुटलेला थेंब, हवेचा अडथळा नसता तर, तीन सेकंदांत तळ गाठील आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेला असेल. पुढे हे पाणी गोदावरीला मिळते. पाण्याचे पडणे इतके नित्याचे आहे की त्याचे कारण विचारावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्या सह्याद्रीतून गोदावरी निघते, त्याच पर्वताच्या आश्रयाला वाढलेल्या एका गणितज्ञाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ते विचारले होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. हे वर्ष त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवले, हे आपले भाग्य; एरवी आपल्या प्राचीन पंडितांची जन्मवर्षे तर्कानेच ठरवावी लागतात. गोत्र शांडिल्य, पिता महेश्वर आणि तेच गुरूही. गावाचे नाव त्यांनी विज्जडविड असे दिले. ते नेमके कोणते यावर विद्वानांचे वाद आहेत. परंतु चाळीसगावजवळील पाटण येथे घराण्याचा जो शिलालेख मिळाला, त्यामुळे या कुळाचे खानदेशाशी असलेले नाते निर्विवाद ठरते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. यांपैकी लीलावती घरोघर पोहोचली. कन्येच्या विवाहाची घटिका चुकवणाऱ्या मोत्याची आख्यायिका मात्र बरीच नंतरची. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती प्रसृत झाली. त्या कथेतही सारा अनर्थ एका मोत्याच्या पडण्याने होतो, हा योगायोग गमतीचा आहे.

प्रस्तुत प्रश्नाचे खरे घर गोलाध्यायात आहे. पृथ्वी कशावर उभी आहे? पुराणांनी शेष, कूर्म, वराह असे आधार सांगितले होते. भास्कराचार्यांनी त्यांचा उपहास केला नाही, त्यांना तर्काच्या कसोटीवर घासले. पृथ्वीला मूर्त आधार हवा असेल तर त्या आधारालाही दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि या साखळीला अंत नाही. शेवटचा आधार स्वतःच्या सामर्थ्यावर उभा राहतो असे मानायचे, तर तेच सामर्थ्य आरंभीच पृथ्वीला का देऊ नये? पृथ्वी अखंड खाली पडत आहे, असे बौद्धांचे म्हणून एक मत त्यांच्यासमोर होते. त्यावर त्यांचा प्रतिवाद असा की, मग वर फेकलेली वस्तू परत भूमीवर येताच कामा नये, कारण जड पृथ्वी तिच्यापेक्षा वेगाने खाली गेली असती. जड वस्तू अधिक वेगाने पडतात हे गृहीतक आज टिकत नाही. पण आकाशाच्या कल्पनेचा निवाडा हातातल्या दगडाकडून करून घ्यावा, ही दृष्टी टिकते.

त्यांचे स्वतःचे उत्तर असे: उष्णता हा जसा अग्नीचा स्वभाव, तशी आकर्षण करण्याची शक्ती हा पृथ्वीचा स्वभाव. आकाशातील जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडते आहे असे वाटते. आणि स्वतः पृथ्वी? तिच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच असताना तिने पडावे तरी कुठे? गोलाच्या दुसऱ्या बाजूचे लोक आपल्या दृष्टीने पाण्याकाठच्या माणसाच्या प्रतिबिंबासारखे उलटे असले, तरी आपण येथे राहतो तसेच ते तेथे निश्चिंत राहतात. वर आणि खाली या दिशा विश्वाच्या नव्हेत, पृथ्वीच्या संदर्भातल्या आहेत, हे बाराव्या शतकात इतक्या स्वच्छपणे मांडणे सोपे नव्हते.

यावरून न्यूटनच्या आधीच सारे सांगून झाले होते, असा डंका पिटण्याची आपल्याकडे रीत आहे. ती भास्कराचार्यांनाही न्याय देत नाही. आकर्षणाची कल्पना त्यांच्या पाच शतके आधी ब्रह्मगुप्ताने मांडली होती. आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारे, दगडाला व चंद्राला एकाच नियमात बांधणारे गणित १६८७ मध्ये न्यूटननेच दिले.

त्याच गोलाध्यायात, यंत्रांच्या प्रकरणात, एक चाक आहे. हलक्या लाकडाचे; त्याला समान अंतरावर, एकाच दिशेला किंचित वाकवलेले पोकळ आरे; आरे पाऱ्याने अर्धे भरलेले. हे चाक आसावर बसवले की आपोआप फिरत राहते, असे ते सांगतात. ब्रह्मगुप्तानेही अशा चाकाचे वर्णन केले होते. पारा एका बाजूला आसापासून दूर सरकतो, म्हणून ती बाजू जड होऊन खाली जाईल, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला तोल सावरला जातो, उतरताना मिळालेली ऊर्जा चढताना परत द्यावी लागते आणि उरलेली घर्षण खाऊन टाकते. आकर्षणाला पृथ्वीचा न सुटणारा स्वभाव मानणाऱ्या माणसालाच त्या आकर्षणाला चकवणाऱ्या चाकाचा मोह पडला! चाकाची ही कल्पना पुढे अरबी आणि युरोपीय लेखनातही दिसते, आणि फुकट फिरणारे यंत्र बनवल्याचा दावा करणारे आजही भेटतात. आचार्यांच्या थोरवीला यामुळे बाधा येत नाही. उलट हा मोह किती जुना आणि किती बुद्धिमान माणसांना पडणारा आहे, ते कळते.

इसवी सन ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिले. पुत्र लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. त्याने पाटणला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्यास दान दिले. हे सांगणाऱ्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, म्हणजे गोमंतकाच्याच एका सुपुत्राने.

पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटायचे तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग हवा, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेवढ्या वेगानेही ओढ नष्ट होत नाही, अंतराबरोबर क्षीण होत जाते. कक्षेत तरंगणारा अंतराळवीरही तिच्यातून मुक्त नसतो. तो सतत पडतच असतो, फक्त पुढे जाण्याच्या वेगामुळे भूमी त्याच्या वाट्याला येत नाही. भारताने ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून एक उपग्रह सोडला आणि त्याला भास्कर हे नाव दिले. दुसरा भास्कर १९८१ मध्ये गेला. विरळ वातावरणाशी घासत दोघांच्याही कक्षा हळूहळू खाली येत राहिल्या. पहिला १९८९ मध्ये आणि दुसरा १९९१ मध्ये पृथ्वीच्या वातावरणात परतला.