तुळाजी आंग्रे आणि बाणकोटचा किल्ला

महाडहून रायगडाकडे निघाले, की वाटेत नाते लागते. या मुलखाचा माल पूर्वी सावित्रीच्या खाडीतून गलबतांनी ये-जा करी. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला पहारा देई. आंग्र्यांच्या अमलात त्याला हिंमतगड म्हणत. तो इंग्रजांकडे गेला, त्याची कहाणी तुळाजी आंग्रे यांच्या शोकांतिकेत गुंतलेली आहे.

कान्होजींचे हे पुत्र बंधू संभाजींच्या पश्चात विजयदुर्गाचे धनी झाले. वडिलांचे धाडस त्यांच्यात पुरेपूर होते, सबुरी मात्र नव्हती. १७५४ मध्ये त्यांनी डचांची तीन जहाजे गाठून दोन जाळली आणि एक पकडले. समुद्रावर असा दरारा असताना पेशव्यांशीही त्यांनी वैर ओढवून घेतले. त्यावर नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. घरचे भांडण मिटवायला परक्याचे आरमार बोलावण्याचा हा प्रकार महागात पडला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला. पाठोपाठ बाणकोट शरण आला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तत्पूर्वीच तुळाजी वाटाघाटींसाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते व तेथेच अडकले. इकडे बंदरात नांगरलेले त्यांचे आरमार तोफांच्या माऱ्यात जळून खाक झाले. ऑक्टोबरमधील तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट मात्र इंग्रजांकडे राहिला. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले आणि महाडच्या व्यापाराची सागरी वाट त्यांच्या तोफांखाली आली.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले.