केडगावचा छापखाना आणि पंडिता रमाबाई

पुण्याहून रेल्वेने दौंड-सोलापूरकडे गेलेल्या आपल्या वाचकांना वाटेतले केडगाव स्टेशन आठवत असेल. गाव लहान, भोवती शेतीवाडी. पण ह्याच खेड्यात ह्या शतकापूर्वीच्या पिढ्यांमध्ये एक छापखाना चालत होता. तेथे मराठीबरोबर हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचेही खिळे होते आणि ते जुळवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. त्यांतल्या कित्येकींना लहानपणी मराठीचेसुद्धा अक्षर येत नव्हते. ज्या बाईने हे उभे केले त्या पंडिता रमाबाई. त्यांचा धर्म आपला नव्हे, आणि त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात जे वाद झाले ते मिटवण्याचा हा प्रयत्नही नव्हे. परंतु ज्या भाषेत आपण सिनेगॉगमध्ये प्रार्थना करतो ती भाषा प्रौढ वयात शिकून, आपण घरी बोलतो त्या भाषेत तिचे ग्रंथ आणणारी ही बाई आपण बेने इस्राएलांनी ओळखावी असे वाटते. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी तर विशेषच, कारण ह्या कामाचा एक धागा इकडेही येऊन पोहोचलेला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीने देवभाषा शिकणे हे त्या काळी पाप समजले जाई, म्हणून शास्त्रीबुवांना लोकांचा रोष पत्करावा लागला. रमाबाई आईजवळ शिकल्या. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणे सांगे आणि मिळेल त्यावर राही. रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते, पण त्या विद्येने पोट भरेना. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

पुढली चार वर्षे सुखदुःखाची गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या परजातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज काढला आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

त्याच वर्षी, १८८२ मध्ये, रमाबाईंचे पहिले मराठी पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’ निघाले. त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाच्या खर्चाला हातभार लागला. म्हणजे पुस्तक हे नुसते विद्वत्तेचे काम नसून त्यावर माणसाचा मार्ग चालू शकतो, हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला. पुढे अमेरिकेत असताना १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघाले. ते हातोहात खपले आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा राहण्यास त्याची मोठी मदत झाली. अमेरिकेच्या प्रवासाचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. ही तिन्ही पुस्तके दुसऱ्यांच्या छापखान्यांतून, मोठ्या शहरांतून निघाली होती. स्वतःचा छापखाना यायला अजून अवकाश होता.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र कोणाच्या सांगण्यावरून विश्वास ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ज्या मठात त्या राहत होत्या तेथल्या भगिनींशी आणि धर्मगुरूंशी त्यांनी पत्रांतून खूप वाद घातले. ग्रंथात काय आहे ते मी स्वतः वाचून ठरवीन, हा त्यांचा हेका होता. शास्त्रीबुवांच्या घरची ही सवय त्यांनी धर्म बदलला तरी सोडली नाही. हिब्रूकडे त्या पुढे का वळल्या ह्याचे मूळ मला येथेच दिसते.

हिंदुस्थानात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास हलवले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती वळण लादले जाते असा आरोप झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. पालकांची भीती निराधार नव्हती, कारण बाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. आणि त्या विधवांना दुसरे कोणी जवळ घेत नव्हते, हेही खोटे नव्हते.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. ज्या उपासमारीत आपले आईबाप गेले तीच पुन्हा आलेली पाहून रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू होता, सरकारी निर्बंध होते. केडगावला त्यांनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती, तेथे ह्या मुलींना ठेवले. ह्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतला दुष्काळ झाला आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या तोंडांना नुसत्या देणग्यांवर पोसणे शक्य नव्हते आणि बाईंना ते पसंतही नव्हते. शेती, दुभती जनावरे, विणकाम, तेलाचा घाणा असे उद्योग निघाले. त्यांतच छापखाना आला.

छापखाना म्हणजे काय मेहनत असते हे आजच्या तरुण पिढीला सांगायला हवे. देवनागरीला इंग्रजीसारखे सव्वीस अक्षरांवर भागत नाही. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात आणि प्रत्येकाचा खण वेगळा. ओळ उलटी वाचत जुळवायची, पान बांधायचे, प्रूफ काढायचे, चुका सुधारायच्या, छापायचे आणि मग तेच खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, तेव्हा पुढली पाने. हिब्रू तर उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि अक्षरांखाली-वर स्वरांच्या खुणा. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली हे सर्व शिकल्या. खिळे जुळवणे, छपाई, घड्या घालणे, बांधणी, सगळे त्यांच्याच हातून होई. वाचता येणे आणि हाताला कसब येणे ह्या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच जागी मिळाल्या.

ह्या छापखान्यातून संस्थेची वृत्तपत्रके निघत, लहान पुस्तके निघत. रमाबाईंनी आपल्या आयुष्याचे आणि श्रद्धेचे जे निवेदन लिहिले तेही १९०७ मध्ये येथूनच बाहेर पडले. त्यांनी मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरणही लिहिले. परंतु खरे काम बायबलचे.

मराठी बायबल तेव्हा नवे नव्हते. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नवा करार मराठीत छापला होता आणि पुढे सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या होत्या. पण त्यांची भाषा संस्कृतप्रचुर होती. शेतातून आलेल्या बाईला ती कळेना. रमाबाईंसारख्या संस्कृत पंडितेला तर ती सोपी वाटायला हवी होती. पण अडचण कोठे आहे हे नेमके त्यांनाच दिसले. संस्कृत शब्द आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येतो. उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. तोरामध्ये नेफेश आणि रूआह हे शब्द वारंवार येतात. नेफेश म्हणजे जीव, श्वास घेणारा प्राणी. रूआह म्हणजे वारा, श्वास आणि त्याहून पुढचे. दोन्हींना सरसकट आत्मा म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वेदान्त उभा राहतो आणि मूळ शब्दातला वारा नाहीसा होतो. वाचकाला न अडखळवता मूळ अर्थ द्यायचा तर भाषांतराच्या भाषांतरावर भागणार नाही, मुळाशीच गेले पाहिजे, असे रमाबाईंनी ठरवले.

हे काम त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या पुढे होते. कानांनी फार कमी ऐकू येत असे. संस्थेचा व्याप डोक्यावर होता. तरी पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालू राहिले. शब्दकोश आणि व्याकरणे समोर घेऊन एकेक शब्द पाहायचा, सोपे मराठी शोधायचे, लिहायचे, आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला त्याचे खिळे जुळायचे. ज्या बाईसाठी पुस्तक लिहायचे तीच ते जुळवत होती.

आता ऑस्ट्रेलियाचा धागा. १९०३ च्या सुमारास मनोरमाबाई आपल्या संस्थेतील अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स ह्यांच्यासह ऑस्ट्रेलियाला आल्या होत्या. मेलबर्नच्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्या वेळी प्रार्थनेची मोठी चळवळ चालली होती, ती पाहणे हा एक हेतू. मुक्तीच्या कामाची ओळख करून देणे हा दुसरा. त्या काळी बोटीने येणाऱ्या एका मराठी तरुणीने येथल्या सभांतून केडगावच्या मुलींची हकीकत सांगितली. पुढे येथे मुक्तीला मदत करणारी मंडळे उभी राहिली आणि ती मदत दीर्घ काळ चालू राहिली. ह्या देशात आपली बेने इस्राएल घरे येऊन वसण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या एका खेड्याचे नाव येथल्या काही घरांत नेहमी घेतले जात होते, ही मौजेची गोष्ट आहे.

मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. शाळा, अंध मुलींचे शिक्षण, संस्थेचा पत्रव्यवहार त्या पाहत आणि आईच्या मागे त्याच सगळे चालवतील असे सर्वांनी धरले होते. १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्या वारल्या. साठी उलटलेल्या रमाबाईंनी आईबाप, बहीण, भाऊ, पती ह्यांच्यानंतर आता एकुलती मुलगी पोचवली. हातात राहिली ती बायबलची प्रुफे. ती तपासण्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून पुरे झाले ते १९२४ मध्ये. बांधलेला ग्रंथ त्यांच्या डोळ्यांना दिसला नाही.

ह्या ग्रंथाचे पुढे काय झाले हे सांगायला हवे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीचीच प्रत चालू राहिली. रमाबाईंची प्रत सर्वत्र वापरात आली नाही. हिशेबाने पाहिले तर एवढ्या वर्षांच्या श्रमाचे मोल कमीच आले असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ह्या कामाने एक गोष्ट सिद्ध केली, की मूळ ग्रंथापाशी जाण्यासाठी मोठे शहर, विद्यापीठ किंवा पुरुषाचा जन्म लागत नाही. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले, आणि केडगावची संस्था अजून चालू आहे.

आपल्या समाजाने हीच वाट उलट्या दिशेने तुडवली आहे. कोकणात आपले वाडवडील शेमा म्हणत आणि शब्बाथ पाळत, पण हिब्रू वाचणे विसरले होते. ती भाषा आपल्याला बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या शाळांतून परत मिळाली. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते १८३२ मध्ये. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता. आपल्या वडीलधाऱ्यांनी भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू-मराठी सचित्र हागादा छापला गेला. त्यातल्या चित्रांत पेसहाच्या मत्सा करणाऱ्या बायका आपल्याकडच्या लुगड्यांत दिसतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकर ह्यांनी मुंबईत मास्तरकी करता करता आपल्या प्रार्थनेची सुमारे वीस पुस्तके मराठीत आणली. रमाबाई नव्या धर्मातून हिब्रूकडे आल्या, राजपूरकर हिब्रू शिकून आपल्याच धर्मात अधिक खोल गेले. दोघांची गाठ पडली ती मराठीत.

वाचकहो, राजपूरकरांची जुनी प्रार्थनापुस्तके आपल्यापैकी काही घरांत अजून असतील. पाने पिवळी पडली असतील, बांधणी सुटली असेल. मुलांना मराठी वाचता येत नाही म्हणून ती माळ्यावर गेली असतील. ती खाली काढावीत. एखाद्या शनिवारी मुलांना जवळ बसवून हिब्रू ओळ आणि तिच्याखालची मराठी ओळ वाचून दाखवावी. त्यांना सगळे कळणार नाही. पण कोणीतरी मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्यासाठीच एकेक खिळा जुळवला होता, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.