गव्हाणीपासून क्रुसापर्यंत : योहान सेबास्टियन बाख

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मंडळीचे नवे वर्ष सुरू होते. पुढे नाताळ, प्रकटीकरणाचा सण, लेंटचे चाळीस दिवस, शुभ शुक्रवार, पुनरुत्थानदिन, पेंटेकॉस्ट आणि त्रैक्याच्या रविवारानंतरचे कित्येक साधे रविवार. हा क्रम आपल्याला पाठ असतो. पण घरात दुःख असताना तो कसा पाळावा, हे शिकावे लागते. त्यासाठी आपण एका मोठ्या संगीतकाराच्या आयुष्याकडे पाहू.

योहान सेबास्टियन बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी जर्मनीतील आयसेनाख येथे झाला. घराणे पिढीजात संगीतकारांचे. मार्टिन ल्यूथर बालपणी ज्या शाळेत होते, त्याच शाळेत बाखही शिकले. वयाची दहा वर्षे भरण्याआधीच आई आणि वडील दोघेही वारले व थोरल्या भावाने त्यांचा सांभाळ केला.

पुढे ते क्योथेनच्या राजपुत्राच्या पदरी होते. १७२० साली राजपुत्राबरोबर ते कार्ल्सबादला गेले. परत येऊन पाहतात तो पत्नी मारिया बार्बरा हिला मूठमाती देऊनही झाली होती. मागे चार मुले होती. पुढील वर्षाच्या अखेरीस त्यांनी ॲना माग्दालेना हिच्याशी विवाह केला.

१७२३ साली बाख लाइपझिगला आले. संत थॉमस शाळेतील मुलांना गायन शिकवणे आणि शहरातील मंदिरांतले संगीत सांभाळणे हे त्यांचे काम होते. उपासनेत शुभवर्तमानाचे वाचन झाले की उपदेशाआधी त्या दिवसाच्या वचनाला धरून कँटाटा गाइली जाई. पहिली काही वर्षे बाख जवळजवळ दर आठवड्याला नवी कँटाटा रचीत आणि मुलांकडून बसवून घेत. त्यांनी उपासनेसाठी रचलेल्या सुमारे दोनशे कँटाटा आज उपलब्ध आहेत.

पण त्या शहराची एक शिस्त होती. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारानंतर थेट नाताळपर्यंत हे संगीत बंद असे. लेंटमध्येही, मार्चमधील मरीयेच्या वंदनाचा सण वगळता, तसेच. मग शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाची कथा गाइली जाई. योहानाच्या शुभवर्तमानावरील त्यांची रचना १७२४ साली, तर मत्तयाच्या शुभवर्तमानावरील १७२७ साली प्रथम गाइली गेली. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आगमनकाळातच नाताळची गाणी संपतात आणि सण उलटताच तारा उतरवला जातो. तेथे आधी वाट पाहणे होते, म्हणून सणाला गोडी होती.

या वर्षांत बाख यांच्या घरावर दुःखामागून दुःख आले. १७२६ ते १७३३ या काळात त्यांची सात मुले गेली. १७३३ च्या नोव्हेंबरात जन्मलेले बाळ दुसऱ्याच दिवशी वारले. दोन्ही विवाहांतून झालेल्या वीस मुलांपैकी दहाच मोठी झाली. तरी रविवार येत राहिले, सण येत राहिले आणि बाख आपल्या जागी उभे राहिले.

१७३४ च्या नाताळात त्यांनी सहा भागांची मोठी रचना सादर केली. नाताळच्या दिवसापासून ६ जानेवारी १७३५ च्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, सहा वेगवेगळ्या दिवशी तिचे सहा भाग गाइले गेले. तिच्यातील पहिले सामुदायिक गीत ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटते. शब्द तारणाऱ्याच्या स्वागताचे आहेत, पण चाल तीच, जी मत्तयाच्या दुःखसहनकथेत काट्यांचा मुकुट घातलेल्या प्रभूसाठी येते. हीच चाल शेवटच्या भागाच्या अखेरीस कर्णे आणि नगाऱ्यांच्या साथीने विजयगीत होऊन परत येते. गव्हाणी, क्रूस आणि विजय एकाच सुरात गुंफलेले आहेत.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेले, त्या घरी नाताळ करावा की नाही, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नेहमी उठतो. आम्हांला वाटते, त्याचे उत्तर या चालीत आहे. सण म्हणजे आपल्या मनाचा उल्हास नव्हे. प्रभू आला, ही घटना आहे. मरण सोसण्यासाठीच तो जन्मला, म्हणून रडणाऱ्या घराचा नाताळवर अधिक हक्क आहे. अशा घरी रोषणाई नसली तरी चालेल. मंडळीने मात्र तेथे जावे, शेजारी बसावे आणि लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचून प्रार्थना करावी.

अखेरच्या दिवसांत बाख यांची दृष्टी गेली. १७५० साली डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण गुण आला नाही. २८ जुलै १७५० रोजी, त्रैक्यानंतरच्या त्या लांब, साध्या काळात, ते प्रभूकडे गेले. त्यांची पुष्कळ रचना विस्मृतीत पडली होती. १८२९ साली मेंडेलसन यांनी बर्लिनमध्ये मत्तयाची दुःखसहनकथा पुन्हा गाऊन घेतली, तेव्हा लोकांना तिची थोरवी नव्याने कळली.

आपल्या कित्येक रचनांच्या अखेरीस बाख तीन अक्षरे लिहीत. त्यांचा आशय, गौरव केवळ देवाचा, असा आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना मंडळीचे वर्ष शिकवताना हे चरित्र अवश्य सांगावे. आनंदाचे असोत वा दुःखाचे, आपले सर्व दिवस ख्रिस्ताच्या वर्षात सामावलेले आहेत, हे त्यांना लहानपणीच कळो.