विश्लेषण : मिरजेचा तानपुरा आणि अब्दुल करीम खाँ यांचे नाते काय?

सांगवी, पिंपळे गुरव भागातल्या गायनाच्या क्लासमध्ये आज तानपुरा बहुतेकदा मोबाइलमधूनच वाजतो. ॲप उघडायचे, पट्टी निवडायची आणि पहिली तार कशावर लावायची ते ठरवायचे. बहुतेक ॲपमध्ये त्यासाठी पंचम, मध्यम आणि निषाद असे पर्याय असतात. पंचम, मध्यम सर्वांच्या ओळखीचे. निषादावर तार लावण्याची सवय मात्र विशेष करून किराणा घराण्याच्या गायकांची. या घराण्याला महाराष्ट्रात रुजवणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, त्याच मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तरेतला हा गवई वाद्ये घडवणाऱ्या या गावाचा कसा झाला?

खाँसाहेब मूळचे कुठले?

अब्दुल करीम यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. किराणा हे घराण्याचे नाव या गावावरून आले. वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. किराणा घराण्याची मुळे सारंगी आणि बीनमध्ये आहेत. अब्दुल करीम यांनीही लहानपणी सारंगी, वीणा हाताळली होती. सारंगीचा स्वर तुटत नाही, गजासोबत लांबत जातो. पुढे त्यांच्या गळ्यातून जो सलग, टोकदार आणि तरीही मऊ स्वर निघाला, त्याचे मूळ इथे शोधता येते.

तरुणपणी ते बडोदे संस्थानात दरबारी गायक झाले. तिथे सरदार घराण्यातील ताराबाई माने त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांचे मन जुळले. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी हा संबंध त्या काळात दरबाराला मानवणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे संसार मिरजेत थाटला.

मिरजच का?

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना घडवले ते याच गावात. त्यामुळे गाण्याची जाण असलेले श्रोते तिथे होतेच. शिवाय पुणे आणि हुबळी-धारवाड यांच्या मध्ये रेल्वेमार्गावरचे हे ठिकाण, म्हणजे मैफलींसाठी दोन्हीकडे जायला सोयीचे. गावात सांगितली जाणारी कथा मात्र वेगळी आहे. खाँसाहेब मिरजेत प्लेगने आजारी पडले, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असे म्हणतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी दर्ग्यावरची त्यांची श्रद्धा खरी होती. उरुसात ते तिथे आवर्जून गात.

आणखी एक गोष्ट या गावाकडे होती, ती म्हणजे सतारमेकर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकलगार घराणी तलवारी, भाले घडवणे आणि त्यांना धार लावणे यावर जगत होती. इंग्रजी अंमल पक्का झाला आणि हत्यारांची मागणी आटली. फरीदसाहेब या कारागिराने संस्थानातली वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांना आणि शागिर्दांना पुढे सतारमेकर हेच आडनाव चिकटले.

चांगला तानपुरा कशाने ठरतो?

महागड्या गिटारसाठी जगभर दुर्मीळ लाकडाचा शोध चालतो. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर अमेरिकी कारखान्यांनी भारतातल्या शिसवीकडे मोर्चा वळवला, तो १९६९ च्या सुमारास. तानपुऱ्यात हा मान लाकडाच्या आधी भोपळ्याला जातो. हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा असतो. मिरजेला तो सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून येतो. पूर्ण वाळलेला, भेग नसलेला आणि नेमक्या गोलाईचा भोपळा मिळणे हे नशिबाचेच काम. तो कापून आतून साफ करायचा, आकार धरेपर्यंत जपायचा आणि मग त्यावर लाकडी तबली बसवायची. दांडी आणि तबली यांसाठी तूण जातीचे लाल, हलके लाकूड वापरतात. ते कर्नाटकातून येते.

पण वाद्याचा जीव असतो घोडीवर. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी सौम्य उतार असतो. छेडलेली तार या उताराला घासत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा पकडली, की आवाज एकदम उघडतो. यालाच जवारी म्हणतात. कानस घेऊन घोडीचा माथा घासणाऱ्या कारागिराला थांबायचे कुठे हे कानाने कळावे लागते. एक हात जास्त फिरला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर शोधनिबंध लिहिला. साध्या तारेला ज्या बिंदूवर छेडतो, तिथे स्थिर राहणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, असे पाश्चात्त्य नियम सांगतो. तानपुऱ्यात मात्र ते ऐकू येतात, कारण घोडीचा उतार तारेचे कंपन सतत बदलत राहतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात कोणत्याच तारेवर न लावलेला गांधार आपोआप उमटतो, त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात.

खाँसाहेबांच्या गाण्यात याचे काय काम?

अब्दुल करीम यांनी तानपुऱ्याला केवळ साथ मानले नाही. त्यांची बढत एकेका स्वरावर रेंगाळत जाते. असा स्वर उघडा असतो, केसभर हलला तरी लक्षात येतो. लयीच्या झपाट्यात किंवा तानांच्या गर्दीत लपायला त्याला जागा नसते. म्हणून तानपुरे जुळवताना ते कमालीचे काटेकोर असत. वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हातही चाले. जवारी काढणारे कारागीर चार पावलांवर असणे ही अशा गवयासाठी चैन नव्हती, गरज होती. आणि असे कान असलेले गिऱ्हाईक दारात असले, की कारागिराचा हातही सुधारत जातो. मिरजेच्या तानपुऱ्याचे नाव गवयांच्या तोंडी पसरले, त्यात हे शेजारपण मोठे आहे.

स्वरांच्या सूक्ष्म जागांविषयीच्या कुतूहलातून ते शास्त्राकडेही वळले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स हे २२ श्रुती मोजण्याचा प्रयत्न करत होते. देवलांचे पुस्तक १९१० मध्ये आले, क्लेमेंट्स यांचे १९१३ मध्ये. या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. त्यातून श्रुतीची हार्मोनियमही तयार झाली, पण ती बैठकीत रुळली नाही. भातखंडे यांनाही ही मोजणी मान्य नव्हती. आज मागे वळून पाहता त्यांचा संशय रास्त वाटतो.

शाळा आणि संसार का मोडला?

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी गुरूच्या घरातच राहत, जेवत आणि शिकत. खर्च मुख्यतः तिकीट लावून केलेल्या जलशांतून निघे. ताराबाई आणि मुले या सगळ्यात होती. सततची फिरती, पैशांची ओढाताण आणि घरातले मतभेद वाढत गेले. १९२० च्या आगेमागे ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. विद्यालय बंद पडले.

मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर. दोघांची पुढची तालीम वडिलांकडे नव्हे, तर घराण्यातल्याच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. हिराबाई आणि त्यांची धाकटी बहीण सरस्वती राणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या, पण त्यांच्या नावात वडिलांची खूण राहिली नाही. गायकी मात्र तीच होती.

खाँसाहेब मिरजेला परतले. त्यांच्या आवाजातली करुणा या ताटातुटीनंतर गडद झाली, असे जुने जाणकार मानत. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. संगीतरत्न हा किताब तिथलाच. कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपलीशी केली आणि त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. १९३४ नंतरच्या त्यांच्या तबकड्या जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या, पण त्यांनी दूरवर पिढी घडवली. लहानपणी गदगमध्ये त्यांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी यांनी गाण्यासाठी घर सोडले आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे ते शिकले.

अखेरचा प्रवास कसा होता?

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला, अरविंदांच्या आश्रमाकडे निघाले असताना गाडीत त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना पसरला गेला. त्यांचे शिष्य आणि चरित्रकार बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी नोंदवल्याप्रमाणे, त्यांनी तानपुरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली. २७ ऑक्टोबरला तिथेच त्यांचे निधन झाले.

पार्थिव मिरजेला आणले गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात तिथल्या चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मृतीची संगीत सभा भरते. जवळच्याच गल्लीत सतारमेकर भोपळे वाळवत बसलेले असतात.